माडिया माणूस आणि मराठी लेखणी

दिवाळीचा अंक घरात आला की प्रथम तो मुलांच्या हाती पडतो, मग गृहिणीच्या, आणि फराळाची ताटे उचलली गेल्यावर दुपारच्या निवांत वेळी घरातल्या वडील माणसांच्या. चित्रे चाळली जातात, राशिभविष्य पाहिले जाते, एखादी कथा वाचून होते. मग मध्येच कुठे तरी एक पान येते. गळ्यात मण्यांच्या माळा घातलेली, अंबाड्यात फण्या खोचलेली एक हसरी मुलगी, आणि खाली ओळ : ‘वनकन्या’. मुलीचे नाव नसते, गावाचे नसते. आपण क्षणभर थबकतो, ‘किती निरागस!’ म्हणतो आणि पान उलटतो.

ह्या पान उलटण्याविषयी मला थोडे बोलायचे आहे. सणाच्या दिवसांत कुणाचे तोंड कडू करावे असा हेतू नाही. चंद्रपूर आणि गडचिरोली ह्या दोन जिल्ह्यांच्या अरण्यात राहणारा माडिया गोंड मराठी पुस्तकांत कसा आला, आणि येताना त्याचे काय काय वाटेत गळून पडले, एवढाच प्रश्न आहे. आणि हा प्रश्न मी दुसऱ्यांना विचारण्याआधी मला स्वतःला विचारला गेला आहे, हे सुरुवातीलाच कबूल केलेले बरे.

थोडी ओळख आधी करून घेऊ. चांदा हे जुने नाव जाऊन १९६४ मध्ये जिल्हा चंद्रपूर झाला, आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्याचा पूर्वेचा भाग तोडून गडचिरोली जिल्हा निराळा निघाला. २०११ च्या शिरगणतीत ह्या नव्या जिल्ह्याची लोकसंख्या १० लाख ७२ हजारांच्या घरात भरली. त्यात शंभरातले अडतीस-एकोणचाळीस लोक आदिवासी. जिल्ह्याचा बहुतांश भाग अजून जंगलाखाली आहे. दक्षिणेकडे भामरागडला इंद्रावती, पामुलगौतमी आणि पर्लकोटा ह्या तीन नद्या एकत्र येतात, आणि पावसाळ्यात त्या एकदा फुगल्या की पलीकडची गावे जगापासून तुटतात. ह्या टापूत माडिया राहतात. कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड ह्या तीन जमातींना सरकारने महाराष्ट्रात विशेष असुरक्षित मानले आहे. गोंड माणूस स्वतःला कोयतूर म्हणवतो. त्याची भाषा तेलुगू-कन्नडच्या कुळातली आहे, मराठीच्या नव्हे. ही शेवटची गोष्ट कृपा करून लक्षात ठेवावी. पुढचे सारे तिच्यावर उभे आहे.

आता माझी कबुली. काही वर्षांपूर्वी मी एक कादंबरी लिहिली. तीत एक माडिया म्हातारा होता. माझ्या मते पुस्तकातले ते सर्वांत चांगले पात्र. परीक्षणे लिहिणाऱ्यांनीही त्याच्या ‘रांगड्या, अडखळत्या, हृदयाला भिडणाऱ्या भाषे’चे कौतुक केले. मी फुशारलो. शाळेच्या कपाटात एक प्रत ठेवली. वर्गातल्या एका माडिया मुलाने ती वाचायला नेली आणि आठवड्याने परत आणून दिली. मी विचारले, ‘काय रे, कसे वाटले?’ तो बराच वेळ पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहिला. मग म्हणाला, ‘गुरुजी, ह्यातला आजा तोतरा आहे काय?’

मी म्हटले, ‘तोतरा कशाला असेल?’

‘मग तो असा का बोलतो? दोन शब्द बोलतो अन् थांबतो. माझा आजा बोलाया लागला तर गाव गप्प बसते.’

मुलाच्या मनात काही टीका करायची नव्हती. त्याने शंका विचारली होती, आणि शंका विचारावी असे मीच वर्गात रोज सांगत होतो. पण त्या रात्री मी माझे पुस्तक पुन्हा उघडले आणि त्या म्हाताऱ्याची सारी वाक्ये एकामागून एक वाचली. एकही वाक्य पुरे नव्हते. ‘मी जंगल… जंगल माय… साहेब मारते…’ असे सारे. मी त्याला मराठी बोलायला लावले होते. ती त्याची भाषा नव्हती म्हणून तो अडखळला होता. आणि त्या अडखळण्यालाच मी त्याचा स्वभाव समजलो होतो. तो स्वतःच्या घरात, स्वतःच्या नातवाशी बोलत असतानासुद्धा मी त्याला तसाच अडखळवला होता! पुण्याचा एखादा प्राध्यापक पॅरिसच्या बाजारात भाजी घेताना जे बोलेल तेवढ्यावरून त्याच्या बुद्धीची परीक्षा करावी, तसा हा प्रकार.

त्यानंतर मी ह्या विषयावरची मराठी पुस्तके पुन्हा वाचू लागलो, आणि प्रत्येक पुस्तकाला मुलाचाच प्रश्न विचारू लागलो : ह्यातला आजा तोतरा आहे काय?

आमच्या साहित्यात माडिया माणसाला साधारणपणे तीन मुखवटे मिळाले आहेत. पहिला भोळ्याचा. तो निसर्गाचे लेकरू, त्याला चोरी ठाऊक नाही, खोटे ठाऊक नाही, आणि बहुधा विचारही ठाऊक नाही. दुसरा दीनाचा. तो उपाशी, उघडा, आजारी. त्याचे काम एवढेच की पुस्तकाचा शहरी नायक येईपर्यंत तग धरून राहायचे. तिसरा बंडखोराचा. त्याच्या खांद्यावर बंदूक आली की तो एकदम आपल्या लेखी पुरुष होतो. त्याआधी तो नुसता पार्श्वभूमीचा भाग असतो. झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडई भरते, रात्रभर नाटके होतात. त्यांतल्या एका नाटकात मी चौथा मुखवटाही पाहिला आहे, विदूषकाचा. तो आला, वेडेवाकडे मराठी बोलला, आणि प्रेक्षक पोट धरून हसले. हसणाऱ्यांत मीही होतो.

हे मुखवटे सर्वस्वी खोटे आहेत असे मी म्हणणार नाही. दारिद्र्य खरे आहे, उपासमार खरी आहे आणि जंगलातल्या गोळीबारात दोन्ही बाजूंनी पडलेल्या माणसांत माडियांची मुले किती होती हे त्या गावांना ठाऊक आहे. पण मुखवटा हा चेहऱ्याच्या एकाच भावाचा असतो. खरा माणूस एका दिवसात उपाशी असतो, रागावतो, बायकोची थट्टा करतो, शेजाऱ्याशी कोंबडीवरून भांडतो आणि संध्याकाळी नाचतो. आमच्या पुस्तकांत तो एकच काही तरी करीत राहतो.

‘गोटुल’ ह्या एका शब्दाचे काय झाले तेवढे पाहा. व्हेरिअर एल्विन ह्यांनी १९४७ मध्ये बस्तरच्या मुरिया गोंडांवर आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. तो मुरियांच्या गोटुलाविषयी होता, तरुण मुलामुलींच्या सहवासाची ती संस्था होती, आणि एल्विनने ती सहानुभूतीने मांडली होती. पण त्या जाडजूड ग्रंथातले आमच्याकडे काय झिरपले? एक चोरटी उत्सुकता. तेव्हापासून जंगलाच्या कथेत गोटुल आले की वाचक सरसावून बसतो. वास्तविक गडचिरोलीच्या बाजूचे गोटुल म्हणजे प्रामुख्याने गावाची बैठक. तेथे तंटे मिटतात, पाहुणा उतरतो, सणाचा दिवस ठरतो, पोरे नाचतात. आपल्याकडे चावडी, देऊळ आणि शाळा ह्या तीन ठिकाणी जे चालते ते तेथे एका छपराखाली चालते. धानोरा तालुक्यातल्या मेंढा ह्या गावी १९८० नंतरच्या वर्षांत लोकांनी सागवानाचे गोटुल बांधले. परवानगी नाही म्हणून वनखात्याने ते मोडले. तेव्हा आसपासच्या गावांनीही आपापली गोटुले बांधायची ठरवली. आपली बैठकीची जागा जाऊ नये म्हणून सरकारशी उभे ठाकलेले हे लोक, आणि आमच्या कथांतले चांदण्यातले गोटुल, ही दोन्ही एकाच शब्दाची पोरे आहेत ह्यावर विश्वास बसत नाही.

आता पुस्तकांकडे वळू.

डॉ. प्रकाश आमटे ह्यांचे ‘प्रकाशवाटा’ घरोघरी वाचले गेले आहे, आणि वाचले जावे असेच ते आहे. बाबा आमट्यांनी डिसेंबर १९७३ मध्ये हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे ह्या डॉक्टर पतिपत्नीने तेथे आयुष्य काढले. २००८ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. हे पुस्तक मला आवडते ते त्यातल्या संथ, न फुगवलेल्या सांगण्यासाठी. लेखक स्वतःच्या त्यागाचा ढोल वाजवीत नाही. त्यांनी आधी माडिया भाषा शिकून घेतली, ही त्यातली मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट. औषध नंतर, शब्द आधी! परंतु हे पुस्तक डॉक्टरांचे आत्मकथन आहे, आणि आत्मकथनात केंद्र एकच असते. माडिया माणूस तेथे रुग्ण म्हणून येतो, बरा होतो आणि जातो. तो घरी गेल्यावर त्या डॉक्टराविषयी चुलीपाशी काय बोलला, हे आपल्याला कळत नाही. हा लेखकाचा दोष नव्हे. दोष आम्हा वाचकांचा, की हे एक पुस्तक वाचून माडियांविषयी आपल्याला सारे समजले असे आम्ही मानले. दवाखान्याच्या दारातून गाव दिसते, पण रोग्यांचेच गाव दिसते.

त्याच हेमलकशाला राहिलेल्या विलास मनोहर ह्यांनी ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ ही कादंबरी लिहिली, आणि ते केंद्र हलवले. येथे बाहेरून आलेला उद्धारकर्ता नायक नाही; माडिया तरुणच कथेच्या मध्यभागी आहे. जंगल ज्याच्या वाडवडिलांचे, तोच जंगलात चोर ठरतो. लाकडाला हात लावला तर गुन्हा, आणि ठेकेदाराची भरलेली गाडी मात्र राजरोस जाते. हा व्यवहार मनोहरांनी जवळून पाहिला आहे, आणि त्यांचा राग कमावलेला आहे, उसना नाही. माझी तक्रार नावापासून सुरू होते. पुस्तकाचे नावच शेवट सांगून टाकते. मग त्या तरुणाच्या आयुष्यातली प्रत्येक घटना त्या एका शेवटाकडे ढकलणारी पायरी बनते. जी घटना कुठेच ढकलीत नाही, जी नुसती घडते, तिला जागा उरत नाही. माणूस अन्यायाने घडतो हे खरे. पण तो आजीच्या गोष्टींनी, पहिल्या शिकारीने, बहिणीच्या लग्नातल्या गाण्यानेही घडतो. तरीही हे पुस्तक मी वाचनीयांच्या पहिल्या ओळीत ठेवीन. त्यातला माणूस मुका नाही, आणि आपण त्याची कीव करून सुटू शकत नाही. त्याच्या रागाचे उत्तर आपल्याला द्यावे लागते.

तिसरे पुस्तक डॉ. राणी बंग ह्यांचे ‘गोईण’. गडचिरोलीच्या बायका आणि त्यांची झाडे हा त्याचा विषय. वर पाहता हे साहित्याचे पुस्तकच नव्हे. कोणत्या झाडाची साल कशाला चालते, कोणते फूल केव्हा वेचायचे, कोणते झाड लावू नये, असे सारे त्यात आहे. पण मुलाचा प्रश्न ह्या पुस्तकाला विचारला तर उत्तर चटकन मिळते : येथे कुणीही तोतरे नाही. कारण बायका आपल्याला ठाऊक असलेल्या गोष्टीविषयी बोलत आहेत, आणि विचारणारी डॉक्टर येथे शिष्या आहे. कोणताही माणूस आपल्या कसबाविषयी बोलू लागला की त्याची वाक्ये पुरी होतात. शेतकऱ्याला काव्याविषयी विचाराल तर तो अडखळेल. नांगराविषयी विचारा, मग पाहा! कादंबरीकारांनी ह्या साध्या पुस्तकापासून धडा घ्यावा.

चौथे, मिलिंद बोकील ह्यांचे ‘गोष्ट मेंढा गावाची’. हे तेच गोटुलाचे मेंढा. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्या गावाची घोषणा. आणि तिच्या आधीची गोंडी घोषणा त्याहून आटोपशीर : ‘मावा नाटे मावा राज’. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये ह्या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक. पुढे बांबू विकायचा तर वाहतुकीचा परवाना हवा, आणि तो हाती पडायला २०११ साल उजाडले. बोकील हे कादंबरीकार, पण येथे त्यांनी कादंबरीकाराचा मोह आवरला आहे. गावात निर्णय बहुमताने होत नाही, सर्वांची संमती होईपर्यंत बोलणे चालते. ते बोलणे, ते कंटाळा येईतो चालणारे बोलणेच, ह्या गोष्टीचा नायक आहे. काही वाचकांना त्यामुळे पुस्तक कोरडे वाटेल. मला तो कोरडेपणा मोलाचा वाटतो. भोळा नव्हे, दीन नव्हे, बंदूकधारीही नव्हे, असा कायद्याचे कलम वाचून त्यावर वाद घालणारा गोंड माणूस मराठीत त्याआधी कितीदा आला होता?

श्रद्धेची गोष्ट मात्र आमच्या सर्वच लेखनात कच्ची राहिली आहे. आम्ही दोनच शब्द जाणतो : ‘अंधश्रद्धा’ आणि ‘निसर्गपूजा’. पहिला शब्द सुधारकाचा, दुसरा कवीचा. आणि दोन्ही शब्द पुढचे काही न विचारण्यासाठी वापरले जातात. गोंडांमध्ये चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे अशी कुळे आहेत, आणि एकाच संख्येच्या देवांची कुळे एकमेकांची भाऊकी, म्हणून त्यांच्यात लग्न नाही. म्हणजे देवांची संख्या ही नात्यागोत्याची व्यवस्था आहे. आपल्या गोत्र-प्रवराहून ती कमी काटेकोर नाही. नवे फळ, नवे धान्य हाती आले की देवाला दिल्याशिवाय ते तोंडात घालायचे नाही. ह्या नव्याच्या सणांना पंडुम म्हणतात. ह्यात निसर्गाची भक्ती आहेच, पण कैरी कोवळी असताना कुणी ओरबाडू नये ही गावाची शिस्तही आहे. भामरागडच्या बाजूला मेलेल्या माणसाच्या स्मरणार्थ दगड उभा करतात. वाटेने जाताना ते दगड दिसतात, लहानमोठे, रांगेने. आम्ही त्यांचे छायाचित्र काढतो. गावातल्या माणसाला ते आजे-पणजे असतात. आपल्याकडे भिंतीवर टांगलेल्या आजोबांच्या तसबिरीला दिवाळीत हार घालतो, त्याला कुणी अंधश्रद्धा म्हणत नाही.

देवऋष्याचे पाहता पाहता मूल दगावते, हे मी पाहिले आहे. त्याचे समर्थन करण्याइतका मी भाबडा नाही. पण लोकांच्या देवाला हसून त्यांचे मूल वाचत नाही. डॉ. अभय आणि राणी बंग ह्यांनी गडचिरोलीजवळ शोधग्राम वसवले, तेव्हा दवाखाना लोकांच्या खेड्यासारखा बांधला आणि त्याला नाव दिले ‘माँ दंतेश्वरी दवाखाना’. घरी जाऊन नवजात बालकांची काळजी घेण्याच्या त्यांच्या पद्धतीने बालमृत्यू कसे घटले, ते १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ ह्या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. गावच्याच बायका ते काम शिकल्या. विज्ञान आणि देवी एका पाटीवर नांदू शकतात हे डॉक्टरांना उमगले. कादंबरीकारांना अजून उमगायचे आहे. आमच्या कथांत अजून पुजारी खलनायक आणि इंजेक्शन नायक!

आता गरजांकडे येतो. त्या मुलाच्या प्रश्नाने मला स्वस्थ बसू दिले नाही, तेव्हा एका सुट्टीत मी त्याच्याबरोबर त्याच्या गावी गेलो. जोहार झाले. संध्याकाळी गोटुलापुढे लोक जमले. मोहफुले यंदा कुणाला आणि कधी विकायची, असा विषय होता. मुलाचा आजा उठला. वाळलेला, काटक म्हातारा. तो बोलू लागला आणि खरोखरच गाव गप्प बसले. मला एक अक्षर कळत नव्हते. पण वक्तृत्व कळायला भाषा लागत नाही. तो मध्येच आवाज खाली आणी, लोक पुढे झुकत; तो काही तरी बोले, लोक हसत; मग एकाकडे बोट दाखवी, तो माणूस खाली बघे. पाऊण तास झाला असेल. मी मुलाला विचारले, ‘काय म्हणतो रे आजा?’

मुलगा म्हणाला, ‘नको म्हणतो.’

‘पाऊण तास नुसते नको?’

मुलगा खजील झाला. ‘बाकीचे मराठीत येत नाही, गुरुजी.’

वाचकहो, ह्या एका उत्तरात आमच्या साऱ्या साहित्याची अडचण आहे. पाऊण तासाचे भाषण, आणि मराठीत उरले दोन शब्द. माझ्या कादंबरीतला म्हातारा त्या दोन शब्दांचाच बनलेला होता.

नंतर मी म्हाताऱ्याला विचारले, तुमची गरज काय ते सांगा, मी लिहिणारा माणूस आहे. त्याने नातवामार्फत उलट विचारले, ‘पाहुण्याला आधी विचारतात. तुला काय हवे?’ मी गडबडलो. मला एक पुस्तक हवे होते, असे कसे सांगणार! मग तो आपण होऊन बोलला. नाल्यावर पूल हवा. पावसाळ्यात बाळंतीण पलीकडे नेता येत नाही. आणि बँकेत, रेशनच्या कचेरीत, ठाण्यावर, एक माणूस असा हवा ज्याला आमचे बोलणे कळते. ‘आम्ही सांगतो एक, कागदावर लिहितात दुसरे, अन् अंगठा आमचा.’

अन्न, वस्त्र, निवारा हे आम्ही पाठ केलेले उत्तर त्याने दिले नाही. त्याने पूल मागितला, नाल्यावर एक आणि बोलण्यावर एक. पहिला बांधणे सरकारचे काम. दुसऱ्याचे थोडे काम आमचे, लिहिणाऱ्या-शिकवणाऱ्यांचे आहे, आणि ते आम्ही केलेले नाही.

गोंडी बोलणारे देशात २०११ च्या शिरगणतीप्रमाणे २९ लाख ८४ हजारांच्या आसपास आहेत. एवढ्या माणसांची भाषा घटनेच्या आठव्या परिशिष्टात नाही. माझ्याच वर्गात तिला जागा नव्हती. मूल पहिलीत येते, गुरुजी मराठीत बोलतात, मूल गप्प राहते, आणि गुरुजी शेऱ्यात लिहितात ‘मंद’. असे शेरे मी लिहिले आहेत. कादंबरीतल्या तोतऱ्या आजाचा जन्म त्या शेऱ्यांच्या वहीत झाला, हे मला फार उशिरा कळले. २०१९ मध्ये धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने गोंडीतून शिकवणारी स्वतःची शाळा काढली. तिच्या नावातही ‘गोटुल’ हाच शब्द आहे. ज्या शब्दाकडे आम्ही चोरट्या नजरेने पाहिले, तो लोकांनी मुलांच्या पाटी-पुस्तकासाठी परत घेतला.

आणि आता ते स्वतः लिहीत आहेत. भुजंग मेश्राम ह्यांच्या ‘उलगुलान’ने मराठी कवितेत आदिवासींचा स्वतःचा आवाज आणला, त्या संग्रहाचे नावच बिरसा मुंडाच्या उठावाचे. उषाकिरण आत्राम ह्यांच्या ‘म्होरकी’त बाई बोलते, आणि तिचे बोलणे मागणीचे नसून हिशेब मागण्याचे आहे. व्यंकटेश आत्राम ह्यांनी ‘गोंडी संस्कृतीचे संदर्भ’ लिहून, आपल्याविषयी इतरांनी लिहिलेले तपासून घेण्याचे काम हाती घेतले. ह्या पुस्तकांत खडबडीतपणा नाही असे नाही. काही ठिकाणी राग कवितेच्या पुढे धावतो, काही ठिकाणी अभिमान पुराव्याच्या पुढे जातो. टीकाकाराने ते सांगितले पाहिजे. गप्प राहणे हीसुद्धा कीवच. पण १८५८ च्या ऑक्टोबरात चांद्याच्या तुरुंगात फाशी गेलेल्या बाबुराव शेडमाक्यांची आठवण सव्वाशे-दीडशे वर्षे ज्यांनी तोंडी जपली, त्यांच्या लेखी शब्दात थोडी आच असणारच.

मग आम्ही बिगर-आदिवासींनी ह्या विषयावर लिहूच नये काय? असे मी म्हणणार नाही. दुसऱ्याच्या घरी जाणे हे पाप नव्हे. तेथे जाऊन यजमानाला बोलू न देणे हे पाप. लिहिणाऱ्याने इतके पथ्य पाळावे : आपल्या पात्राला त्याच्या भाषेत बोलताना ऐकावे, आणि मग मराठीत लिहिताना त्याची वाक्ये पुरी करावीत. तो घरात बोलतो तेव्हा चांगले, सुबक, वळणदार मराठी त्याच्या तोंडी घालावे, कारण त्याची माडिया तशीच वळणदार असते. फक्त तो कचेरीत उभा राहील तेव्हाच त्याला अडखळू द्यावे. म्हणजे वाचकाला कळेल की अडखळणे माणसात नव्हते, कचेरीत होते.

माझ्या कादंबरीची दुसरी आवृत्ती निघायची आहे. म्हाताऱ्याची सारी वाक्ये मी पुन्हा लिहीत आहे. तो मुलगा आता मोठा झाला आहे, सुट्टीत येतो, हस्तलिखितावर बसतो आणि पेन्सिलीने खुणा करतो. परवा गोटुलातल्या भाषणाचे पान त्याला दाखवले. सहा पाने झाली आहेत. त्याने ती दोनदा वाचली.

‘आता बरोबर आहे काय?’ मी विचारले.

‘निम्मे आले, गुरुजी,’ तो म्हणाला. ‘पण हसण्याची जागा चुकली. ती मी सांगतो, तुम्ही लिहा.’

आणि तो सांगू लागला.